क्लच सोडला की गाडी बंद का पडते? हाफ क्लचचं सोपं गणित, येलदरीच्या चढावरून

समजा, जिंतूरहून येलदरीकडे एक गाडी निघाली आहे. स्टिअरिंगवर पंचविशीतली मुलगी, बाजूच्या सीटवर काका. मुलीचं लायसन्स हातात येऊन महिनाही झालेला नाही. चढावर पुढचा कापसाने भरलेला ट्रॅक्टर थांबतो, म्हणून हीसुद्धा थांबते. मागे एक जीप येऊन अगदी चिकटून उभी राहते. ट्रॅक्टर पुढे निघतो. मुलगी पहिला गिअर टाकते, क्लच सोडते आणि गाडी गचका खाऊन बंद पडते. पुन्हा चावी, पुन्हा गचका. या गडबडीत गाडी हातभर मागे सरकते आणि जीपवाला हॉर्नवरचा हात काढत नाही.

काका म्हणतात, "अगं, हळू सोड ना क्लच!"

ती म्हणते, "हळूच सोडतेय की काका!"

गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलतायत. ती हळूच सोडते आहे, पण हळू म्हणजे किती आणि पायाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. काकांनाही ते शब्दांत सांगता येत नाही, कारण वीस वर्षं गाडी चालवून ते त्यांच्या पायात बसलं आहे, डोक्यात नाही.

असे दोन-चार प्रसंग झाले की नवशिका एकच निष्कर्ष काढतो, 'आपल्याला गाडी जमणारच नाही.' लायसन्स पाकिटात आणि गाडीची चावी दुसऱ्याच्या हातात, अशी कितीतरी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. खरं तर क्लच समजून घ्यायला एक छोटं गणित पुरतं. ते एकदा कळलं की पायाला नेमकं काय करायचं आहे, हेही कळतं.

उदाहरण येलदरीचंच का?

परभणी जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर येते गोदावरीच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन. जिल्ह्याच्या उत्तरेला असलेला जिंतूर तालुका मात्र वेगळा आहे. इथे अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर आहेत. याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झालं. धरणाच्या पायथ्याला जलविद्युत केंद्र आहे आणि पलीकडे हिंगोली जिल्हा सुरू होतो.

म्हणजे होतं असं, की परभणी शहरातल्या सपाट रस्त्यावर गाडी शिकलेला माणूस जिंतूरच्या पुढे आला की चढ-उतार सुरू होतात. सपाट रस्त्यावर क्लच चुकला तर गाडी फक्त बंद पडते आणि चार लोक हसतात. चढावर क्लच चुकला तर गाडी मागे येते. तिथे कुणाची तरी मोटरसायकल उभी असू शकते, किंवा रस्ता ओलांडणारं एखादं पोर. म्हणून क्लचची खरी परीक्षा चढावरच होते. आरटीओच्या नियमातही हेच लिहिलं आहे, ते पुढे येईलच.

मुळात क्लच लागतोच कशाला?

पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची एक मोठी अडचण आहे. त्याला शून्यावर उभं राहता येत नाही. पंखा किंवा मिक्सर थांबलेल्या अवस्थेतून बटण दाबताच फिरायला लागतो. इंजिनाचं तसं नाही. ते चालू ठेवायचं तर ते सतत फिरत राहिलं पाहिजे. गाडी जागेवर उभी असतानासुद्धा बहुतेक कारचं इंजिन मिनिटाला साधारण ७५० ते ९०० फेरे मारत असतं. फेरे फार खाली गेले की इंजिन धडधडतं आणि बंद पडतं.

आता अडचण बघा. इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलेली आहेत. या दोघांना जोडायचं कसं? एकदम जोडलं तर थांबलेली चाकं आणि त्यांच्यावरचं जवळपास टनभर वजन फिरत्या इंजिनाला जागच्या जागी थांबवतं. गाडी गचका खाऊन बंद पडते ती यामुळे.

म्हणून दोघांच्या मधे एक असा भाग लागतो, जो हवं तेव्हा त्यांना जोडेल, हवं तेव्हा तोडेल आणि जोडताना थोडा वेळ घसरू देईल. तोच क्लच. त्यातलं 'घसरू देणं' सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सगळा खेळ ० ते ६ चा

आता ते गणित. आकडे गाडीगणिक बदलतात, पण अंदाज यायला एक साधी पेट्रोल कार घेऊ.

पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण १४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. रेस न देता इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारतंय असं धरा. ८०० ला १४ ने भागलं की चाकाचे मिनिटाला ५७ फेरे होतात. छोट्या कारचं चाक एका फेऱ्यात साधारण पावणेदोन मीटर पुढे जातं. म्हणजे गाडी मिनिटाला सुमारे १०० मीटर जाणार. तासाचा हिशोब केला तर वेग येतो ६ किलोमीटर.

ताशी ६ किलोमीटर म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग.

याचा अर्थ असा की पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल आणि रेस अजिबात दिलेली नसेल, तर गाडी सपाट रस्त्यावर या वेगाने आपोआप चालत राहते. इंजिन आणि चाकांचं तिथे जमलेलं असतं. भांडण आहे ते त्याच्या आधी, म्हणजे ० पासून ६ पर्यंतच्या प्रवासात. या वेळात इंजिनाला ८०० फेरे हवे असतात आणि चाकं अजून तेवढी फिरत नसतात. दोघांमधला हा फरक क्लच घसरून भरून काढतो. त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो.

त्यामुळे 'क्लच हळू सोड' या सल्ल्याचा खरा अर्थ असा आहे: गाडी माणसाच्या चालीच्या वेगाला येईपर्यंत क्लच अर्ध्यावर धरून ठेव, मग सोड. सपाट रस्त्यावर याला दोन ते तीन सेकंद लागतात. नवशिके नेमका तेवढाच धीर धरत नाहीत. गाडी हलली की त्यांना वाटतं, झालं काम. ते पाय उचलतात आणि गाडी बंद पडते.

क्लचच्या आत काय असतं?

इंजिनाला जोडलेली एक जड लोखंडी चकती असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. ती इंजिनाबरोबर सतत फिरते. तिच्याशेजारी क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेकच्या लायनरसारखा खरखरीत थर असतो. ही प्लेट गिअरबॉक्सला जोडलेली असते. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते, जी जोरदार स्प्रिंगच्या दाबाने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते.

पॅडल दाबलं नसेल तेव्हा तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेल्या असतात आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पॅडल पूर्ण दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगवर रेटा देतं, प्रेशर प्लेट मागे हटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे.

मग हाफ क्लचला काय होतं? प्लेट टेकलेली असते, पण घट्ट धरलेली नसते. ती घासत घासत वेग घेते. पॅडल वर येताना ज्या जागी ही पकड सुरू होते, तिला बायटिंग पॉइंट म्हणतात. पॅडलच्या पूर्ण प्रवासात ही जागा अगदी थोडी असते. त्या जागेच्या खाली पाय कितीही पटकन उचलला तरी काही बिघडत नाही. त्या जागेवर थांबायचं. गाडीने वेग घेतला की मग उरलेलं पॅडल सोडून द्यायचं.

येलदरीच्या माणसाला हे धरणाच्या दारांवरून लगेच कळेल. पावसाळ्यात विसर्ग सुरू करताना दारं एकदम पूर्ण उचलत नाहीत. आधी थोडी उचलतात, नदीपात्राला पाणी सामावू देतात आणि मग गरजेप्रमाणे वाढवतात. हाफ क्लचही तसाच. इंजिनाची ताकद थोडी सोडायची, चाकांना ती घेऊ द्यायची, मग सगळी सोडायची.

बाईक येते? मग निम्मं काम झालंय

ज्याला गिअरची मोटरसायकल चालवता येते, त्याला हाफ क्लच आधीच येतो. फरक इतकाच की तो हाताने येतो. सिग्नलवरून निघताना डावी मूठ हळूहळू सुटते, मधे क्षणभर रेंगाळते आणि मग पूर्ण सुटते. बोटांना कळलेली ही गोष्ट पायाला शिकवायची आहे.

पाय बोटांइतका नाजूक नसतो, म्हणून वेळ लागतो. आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि त्यात अनेक प्लेटा असतात. घासून तयार होणारी उष्णता तेल ओढून घेतं. कारचा क्लच सहसा कोरडा असतो आणि त्यात एकच प्लेट असते. त्यामुळे बाईकवर मिनिटभर हाफ क्लच धरायची सवय कारमध्ये नेली, तर काही वेळाने जळका वास येणारच.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची अडचण उलटी असते. ट्रॅक्टरचं पॅडल जड असतं, गिअर खूप खालचे असतात आणि वजन भरपूर असतं. तिथे क्लच थोडा लवकर सुटला तरी इंजिन ओढून नेतं. कारचं छोटं पेट्रोल इंजिन तेवढं सहन करत नाही. 'ट्रॅक्टर चालवतो, पण कार बंद पडते' असं जे होतं, ते यामुळेच.

सपाट मैदानावर, रेस न देता

बहुतेक जण पहिल्याच दिवशी क्लच, रेस आणि स्टिअरिंग एकदम शिकवतात आणि तिथेच गोंधळ होतो. क्लच एकटा शिकायचा असतो. त्यासाठी मोकळं, सपाट मैदान आणि शेजारी लायसन्स असलेला जाणता माणूस हवा.

आधी सीट नीट करा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणावा लागत असेल, तर पॅडलवर ताबा राहत नाही. पायात चप्पल नको. ती पॅडलखाली अडकू शकते. पातळ तळाचा बूट सगळ्यात बरा, कारण त्यातून पॅडल जाणवतं.

पहिला सराव: जागा शोधणे. उजवा पाय ब्रेकवर. क्लच तळापर्यंत दाबा, गाडी सुरू करा, पहिला गिअर टाका. हँडब्रेक खाली. आता ब्रेकवरचा पाय अलगद काढा, पण तो जवळच असू द्या. रेसला पाय लावायचा नाही. क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खाली जाईल, गाडीत बारीक थरथर जाणवेल आणि गाडी सरकायला लागेल. तोच बायटिंग पॉइंट. तिथेच पाय थांबवा. दोन-तीन सेकंदांनी क्लच पुन्हा दाबा आणि ब्रेक लावा. असं वीस-पंचवीस वेळा करा. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये इंजिन दबायला लागलं की संगणक थोडं जास्त इंधन सोडतो, त्यामुळे हा सराव रेसशिवाय जमतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला किंचित रेस द्यावी लागू शकते.

दुसरा सराव: चालीपर्यंत नेणे. तसंच करा, पण या वेळी बायटिंग पॉइंटवर पाय धरून ठेवा. गाडी माणसाच्या चालीला आली की उरलेला क्लच सोडा. गाडी आपोआप चालत राहील. गचका बसला, तर पाय लवकर उचलला गेला असं समजा.

तिसरा सराव: रेस जोडणे. आता बायटिंग पॉइंट आल्यावर अगदी थोडी रेस द्या. आवाज किंचित वाढला पाहिजे, इंजिन ओरडायला नको. एक पाय वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, तराजूच्या दोन पारड्यांसारखा.

हे तीन सराव नीट झाले की गाडी बंद पडण्याचं प्रमाण एकदम कमी होतं. आणि पडली तरी घाबरायचं कारण नाही. क्लच दाबा, ब्रेक धरा, पुन्हा सुरू करा. नव्या हातात गाडी बंद पडणं हा अपघात नाही.

गिअर बदलताना आणि थांबताना

एकदा गाडी चालायला लागली की क्लचचं अवघड काम संपतं. दुसरा, तिसरा गिअर टाकताना चाकं आधीच फिरत असतात, त्यामुळे इंजिन आणि चाकांच्या वेगातला फरक कमी असतो. रेस सोडा, क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. इथे रेंगाळायची गरज नाही, फक्त पाय झटक्याने काढू नका.

गिअर अर्ध्या दाबलेल्या क्लचवर टाकला की 'खर्रर्र' आवाज येतो. जुन्या काळी तर क्लच पूर्ण दाबूनही हा आवाज यायचा, कारण गिअरचे दाते जुळवायचं काम ड्रायव्हरलाच करावं लागायचं. एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा आणि मधे न्यूट्रलमध्ये रेस द्यायची. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणला. त्यात दात्यांचा वेग जुळवण्याचं काम यंत्रच करतं. आज आपण एकदाच क्लच दाबून गिअर टाकतो, त्यामागे हा शोध आहे.

थांबताना नवशिक्याची एक ठरलेली चूक होते. गाडी बंद पडेल या भीतीने तो ब्रेकच्या आधीच क्लच दाबतो. त्यामुळे इंजिन चाकांपासून सुटतं आणि गाडी मोकळी धावते. योग्य क्रम असा: आधी ब्रेक, वेग कमी होऊ द्या, इंजिन कुरकुरायच्या बेतात आलं की क्लच. अचानक कुणी आडवं आलं, तर मात्र हिशोब करत बसू नका. दोन्ही पाय खाली.

आता चढ

पुन्हा त्या येलदरीच्या चढावर येऊ. तिथे नेमकं काय चुकलं?

सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून क्लच शोधायला वेळ मिळतो. चढावर ब्रेक सोडला की गाडी लगेच मागे निघते. ब्रेक आणि रेस दोन्हींसाठी उजवा पाय एकच. मग गाडी धरणार कोण? हँडब्रेक. चढावर त्याला तिसरा पाय समजा.

क्रम असा:

१. गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढा.

२. निघायची वेळ आली की क्लच तळापर्यंत दाबा आणि पहिला गिअर टाका. हँडब्रेकने गाडी नीट धरली आहे याची खात्री करून उजवा पाय ब्रेकवरून रेसवर आणा.

३. सपाट रस्त्यापेक्षा थोडी जास्त रेस द्या आणि ती स्थिर ठेवा.

४. क्लच बायटिंग पॉइंटपर्यंत आणा. इंजिनाचा आवाज दबेल आणि गाडी पुढे जायला बघतेय असं जाणवेल.

५. पाय तिथेच धरून हँडब्रेक खाली करा. गाडी मागे जाणार नाही.

६. गाडी चालीच्या वेगाला आली की क्लच पूर्ण सोडा.

त्या मुलीचं चुकलं ते चौथ्या आणि पाचव्या पायरीत. हॉर्नच्या दबावाखाली तिने बायटिंग पॉइंट येण्याआधीच ब्रेक सोडला, गाडी मागे गेली, घाबरून तिने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. काकांनी 'हळू सोड' ऐवजी 'आधी हँडब्रेक ओढ' म्हटलं असतं, तर तिथेच निम्मं काम झालं असतं.

आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हिल होल्डची सोय असते. ब्रेक सोडल्यावरही ती साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवते. सोय चांगली आहे, पण दुसऱ्याची गाडी हातात आली तर त्यात ती असेलच असं नाही. हँडब्रेकची पद्धत आलीच पाहिजे.

क्लच जळतो कसा?

क्लच प्लेट घासते म्हणून झिजते. हाफ क्लचचा वापर जितका जास्त, तितकी झीज जास्त. तीन सवयी सगळ्यात महाग पडतात.

पहिली, चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं. बघणाऱ्याला वाटतं काय हात बसलाय! आत मात्र प्लेट भाजत असते.

दुसरी, चालत्या गाडीत डावा पाय कायम क्लचवर टेकवून ठेवणं. पायाच्या वजनाने पॅडल किंचित दाबलेलं राहतं, रिलीज बेअरिंगवर भार येतो आणि पकड सैल पडू शकते. क्लचचं काम झालं की पाय बाजूच्या जागेवर ठेवा.

तिसरी सवय आपल्याकडच्या पावसाळ्यातली. काळ्या मातीत चाक रुतलं की माणूस जोरात रेस देतो आणि हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे करत राहतो. चाक आणखी खोल जातं आणि क्लच तापतो. त्यापेक्षा चाकापुढचा चिखल काढा, मुरूम किंवा जुनं पोतं टाका आणि कमी रेसवर सावकाश बाहेर या. जळका वास आला, तर थांबून गाडी थंड होऊ द्या.

रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही, खास करून चढावर. हे प्लेट संपत आल्याचं लक्षण आहे. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीही लागते. चढाच्या रस्त्यावर अशी गाडी घेऊन निघू नका.

उतारावरची एक जीवघेणी सवयही इथेच सांगायला हवी. पेट्रोल वाचवायला काही जण न्यूट्रल टाकतात किंवा क्लच दाबून गाडी सोडतात. असं केल्याने इंजिनाचा अटकाव निघून जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. पेट्रोलही वाचत नाही, कारण आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, रेस सोडलेली असली की इंधनाचा पुरवठाच बंद करतात. जुना नियम पक्का आहे: उतरताना साधारण तोच गिअर ठेवा, ज्यात तो चढ चढला असता.

नियम काय सांगतो?

कारच्या लर्निंग लायसन्ससाठी वय १८ पूर्ण हवं. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा किमान ३० दिवसांनी देता येते. लर्निंग लायसन्सवर रस्त्यावर गाडी चालवायची, तर शेजारी वैध लायसन्स असलेला आणि गाडी थांबवू शकेल असा माणूस बसलेला हवा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावाकडचा रिकामा रस्ता हाही सार्वजनिक रस्ताच असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ड्रायव्हिंग स्कूलने कारसाठी किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवायला द्यायला हवी. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाकडेही ताबा असावा, असंही त्यात आहे. फी भरताना हे १० तास कसे मोजले जाणार, ते विचारून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

याच नियमांतल्या १५ व्या नियमात परीक्षेत काय बघायचं याची यादी आहे. त्यात चढाचा उल्लेख आहे. उमेदवाराला तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा रेस आणि ब्रेकचा नीट वापर करून, मागे न सरकता सहज पुन्हा निघता आलं पाहिजे. म्हणजे वरच्या सहा पायऱ्या म्हणजे एखाद्या हुशार ड्रायव्हरची युक्ती नाही, लायसन्सची अटच आहे. स्कूलने चढावर नेलंच नसेल, तर शिक्षण अर्धंच झालंय असं समजा.

ऑटोमॅटिक घेतली तर सुटका?

२०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि एएमटी हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. अशा गाडीत क्लचचं पॅडल नसतं, पण क्लच असतो. तो दाबायचं आणि सोडायचं काम यंत्र करतं. त्यामुळे हिल होल्ड नसलेली एएमटीसुद्धा चढावर किंचित मागे येऊ शकते. तिलाही रेसवर तोलून धरलं, तर तिचाही क्लच तापतो.

इलेक्ट्रिक कारला मात्र खरोखर क्लच लागत नाही. विजेची मोटर पंख्यासारखी शून्यापासून फिरायला लागते आणि सुरुवातीलाच पूर्ण जोर देते. ० ते ६ चं भांडणच तिथे नाही. पण घरातली जुनी कार, मित्राची जीप, शेतातला माल नेणारा टेम्पो अजून बऱ्याच ठिकाणी तीन पॅडलवरच चालतो. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर दारात उभी असलेली गाडी चालवता आली पाहिजे. आणि ती बहुतेक वेळा क्लचवालीच असते.

तर पुढच्या वेळी चढावर गाडी बंद पडली आणि मागून हॉर्न वाजला, तर घाई करू नका. हँडब्रेक ओढा, गाडी सुरू करा, बायटिंग पॉइंट येऊ द्या आणि चालीचा वेग येईपर्यंत पाय धरा. आणि मागच्या जीपमध्ये तुम्ही असाल, तर पुढच्या गाडीवरचा 'एल' बघा, चढावर दोन हात जास्त अंतर ठेवा आणि हॉर्नवरचा हात काढा. तुमचीही गाडी कधीतरी अशीच बंद पडली होती.